नेहमीइतकंच गवत

दोन नंबरचा लाकूडतळ,
कोस्किलाच्या उत्तरेला, मिनेसोटा
ता. ११ जानेवारी १९१४

ती. आन्सेल्मीदादास,
सायमीचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली पुस्तकं रसदीच्या स्लेजबरोबर पोचली. कॉफीही पोचली. कॉफीसाठी तळावरचे चाळीस पुरुष तुला दुवा देतात, पुस्तकांसाठी फक्त माझा नवरा.

दादा, तू याल्मारीचं काय करून ठेवलंस! हेमंतात तुझ्या कामगार-हॉलमधल्या पदार्थविज्ञानाच्या वर्गाला गेला तेव्हा मला वाटलं, बरं आहे, दारूच्या गुत्त्यापेक्षा बरं. आता माझं स्वयंपाकघर म्हणजे तुझ्या वर्गाची शाखा झाली आहे. परवा त्यानं एक बटाटा टेबलावरून भिरकावला आणि त्याच क्षणी दुसरा नुसता खाली सोडला. दोन्ही एकदम जमिनीवर पडतात म्हणे. पडले. पैजेवर सगळ्यांनी कॉफी गमावली आणि मी बटाटे गमावले.

काल फळीचा खेळ झाला. माझ्या पोळपाटावर कॉफीचे दोन डबे ठेवले, एक रिकामा, एक खिळ्यांनी भरलेला. पोळपाट हळूहळू तिरका केला. सगळे ओरडत होते की जड आधी घसरणार. दोन्ही एकदम सुटले! याल्मारीचा चेहरा तू पाहायला हवा होतास. बाप झाल्यासारखा दिसत होता, आणि आमच्या नशिबात ते नाही हे तुला ठाऊक आहे.

फक्त नेस्तोरी हसला नाही. तो आमचा सगळ्यात जुना गाडीवान. खांबाला टेकून पाइप ओढत म्हणाला, सगळं छान आहे, पण माझ्या घोड्यांना कुणी विचारलंय का?

थंडी अशी आहे की श्वास मिशीवर गोठतो. रस्त्यावर रोज पाणी शिंपून बर्फाची चाकोरी घट्ट करतात. मोठ्या उतारावर गवत पसरण्याचं काम यंदाही याल्मारीकडेच आहे. कमी पडलं तर ओंडक्यांनी लादलेली स्लेज घोड्यांच्या अंगावर धावते, जास्त पडलं तर मध्येच अडकते आणि मागच्या सगळ्यांच्या शिव्या खाव्या लागतात. तो गवत असं पसरतो की जणू कुणाचं अंथरूण घालतोय.

लोभ असू दे, आणि लोकरीचे मोजे असतील तर तेही असू देत.

तुझी,
सायमी


कोस्किला
ता. १९ जानेवारी १९१४

चि. सौ. सायमी हिस
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मी हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. बटाट्यांना पडल्या, तुला नव्हे, तेव्हा फुगून जाऊ नकोस.

सायमी, तू थट्टेत लिहितेस, पण तिथे काय घडते आहे ते तुला उमगते का? पाद्री शतकानुशतके सांगत आले की जे पडते ते देवाच्या इच्छेने पडते. आणि एका लाकूडतोड्याच्या स्वयंपाकघरात चाळीस माणसे आपल्या डोळ्यांनी पाहतात की ते नियमाने पडते! ज्याला नियम कळला त्याला कुणी मालक फसवू शकत नाही. मी व्यासपीठावर दहा वर्षे घसा फोडून जे करू शकलो नाही ते मेहुणेबुवांनी पोळपाटावर केले.

नेस्तोरीला माझा नमस्कार सांग. म्हणावे, घोड्यांसाठी पुढल्या हिवाळ्यात स्वतंत्र वर्ग भरवू. फी चंदीच्या रूपात घेऊ.

मोजे धाडतो आहे. माझी नवी घरमालकीण विणते. त्यावरून काही तर्क करू नकोस.

तुमच्या दोघांवरचा लोभ तसूभरही घसरलेला नाही.

तुझा,
आन्सेल्मी


दोन नंबरचा लाकूडतळ
ता. १ फेब्रुवारी १९१४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

मोजे उबदार आहेत. तर्क मी केला आहे आणि तो सगळ्या तळाला सांगितला आहे.

घाईत लिहिते, स्लेज निघायची आहे. आमचा मुकादम मॅक्रे याच्या डोक्यात वारं शिरलंय. पलीकडच्या तळानं फार मोठ्या भाराचा फोटो काढून घेतला आणि तो शहरातल्या दुकानात लागला. आता आमच्यालाही तसाच हवा. नेहमीच्या दुप्पट ओंडके एकाच स्लेजवर रचणार, शहरातून फोटोवाला येणार, आणि भार नेस्तोरी उतारावरून खाली नेणार. नेस्तोरी वर बसून फोटो काढून घ्यायचा म्हणून दाढी कोरतोय. हेल्मीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गावाहून त्याची लग्नातली टोपी पाठवली आहे.

मॅक्रेनं याल्मारीला विचारलं की भार दुप्पट तर गवतही दुप्पट लागेल ना. याल्मारीला वाटतं, लागणार नाही. डब्यांचंच उदाहरण देतो. पण तो म्हणतो, दादांना एकदा विचार. फोटोवाला पुढल्या आठवड्यात येतोय, तेव्हा लगेच कळव.

उत्तराची वाट पाहणारी,
सायमी


कोस्किला
ता. ४ फेब्रुवारी १९१४

चि. सायमी हिस अनेक आशीर्वाद.

टपाल स्लेजबरोबर तातडीने जावे म्हणून थोडक्यात लिहितो.

मेहुणेबुवांचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. शाबास! भार दुप्पट झाला की तो खाली खेचणारा जोर दुप्पट होतो, हे खरे. पण तोच भार गवताला दुप्पट दाबतो, म्हणून घर्षणही दुप्पट होते. वजन दोन्ही बाजूंनी सारखे कटते. निसर्गाला जड आणि हलके, धनी आणि गडी, हा भेद माहीत नाही! मुकादमाने घाबरून जास्त गवत घातले तर भार मध्येच अडकेल आणि फोटोत सगळ्यांची फजिती होईल. नेहमीइतकेच घाला. हे पत्र सगळ्यांसमोर वाचा. मॅक्रेलाही ऐकू दे.

फोटोची एक प्रत हॉलसाठी हवी. वर्गाच्या भिंतीवर लावू.

लोभ आहेच. आज त्यात थोडा गर्वही मिसळला आहे.

आन्सेल्मी


कोस्किला
ता. १६ फेब्रुवारी १९१४

चि. सायमी हिस आशीर्वाद.

बातमी इथे तारेने आली. नेस्तोरी गेला. दोन्ही घोडे गेले. मी दोन दिवस जेवलेलो नाही.

त्यांनी फोटोसाठी माणूस मारला, सायमी! एका दुकानाच्या खिडकीत टांगायच्या चित्रासाठी! स्लेजवर दुप्पट ओंडके लादले, ते कशाला? कोणत्या भुकेसाठी? हा अपघात नव्हे, हा खून आहे, आणि मी ते प्रत्येक हॉलमध्ये ओरडून सांगणार आहे. इथे कुजबूज आहे की चौकशीत मॅक्रेने याल्मारीवर बोट ठेवले, की याने गवत कमी घातले. खोटारडा! याल्मारीने काय उत्तर दिले ते सविस्तर कळव. मला भाषणासाठी हवे आहे.

तुमच्या दुःखात सहभागी,
आन्सेल्मी


दोन नंबरचा लाकूडतळ
ता. २२ फेब्रुवारी १९१४

ती. दादास, नमस्कार.

याल्मारीनं चौकशीत काही उत्तर दिलं नाही.

मॅक्रे खोटं बोलला नाही, दादा. त्यानं विचारलं होतं आणि याल्मारीनं नको म्हटलं होतं, हे सगळ्यांनी ऐकलं आहे. तुझं पत्र मात्र सगळ्यांसमोर वाचलं गेलं नाही. ते आलं त्या दिवशी माणसं रानात होती. याल्मारीनं एकट्यानं चुलीजवळ उभं राहून वाचलं आणि माझ्याकडे बघून हसला. मग बाहेर जाऊन म्हणाला, नेहमीइतकंच.

मी भांडी टाकून उताराच्या तोंडाशी उभी होते. नेस्तोरीनं टोपी उंचावली. अर्ध्या उतारापर्यंत सगळं ठीक होतं, घोडे मागे रेलून, पाय रोवून भार तोलत होते. मग त्यांचे पाय सुटले. पुढचं तुला लिहीत नाही. ते तुझ्या भाषणात घालू नकोस.

अधिकारी येण्यापूर्वी याल्मारीनं तुझं पत्र चुलीत टाकलं. मी हात धरला तर म्हणाला, हे बाहेर आलं तर वर्ग बंद पडेल, लोक पुन्हा पाद्र्याकडे जातील. माझं नाव गेलं तर एका माणसाचं जाईल.

हेल्मी आली होती. ती याल्मारीच्या पायाशी थुंकली. आता शनिवारच्या सौनातही वाफ घेताना त्याच्याशेजारी कुणी बसत नाही. तो जातच नाही.

आणि तू लिहितोस, भार दुप्पट लादला. दादा, तूच लिहिलं होतंस की वजन कटतं. कटलं का?

सायमी


कोस्किला
ता. ३ मार्च १९१४

सायमी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझे पत्र आल्यापासून मी फळीपुढे बसलो आहे. डबे ठेवतो, फळी तिरकी करतो. दोन्ही अजूनही एकदम सुटतात. नियम खरा आहे. पण माझ्या डब्यांपुढे घोडे जुंपलेले नव्हते.

गवत सगळा भार कधीच अडवत नव्हते. सगळा अडवला असता तर स्लेज हललीच नसती. थोडा जोर उरत असे, आणि तो उरलेला जोर घोडे अंगावर झेलत. भार दुप्पट झाला, गवताची अडवणूक दुप्पट झाली, इथवर मी बरोबर होतो. पण उरलेला जोरही दुप्पट झाला, आणि घोडे दोनच्या दोनच राहिले. घोडे कटत नाहीत, सायमी. नेस्तोरीने एकच प्रश्न विचारला होता, आणि मी त्यावर चंदीचा विनोद केला.

पुस्तकात प्रत्येक उदाहरणाखाली लिहिलेले असते, इतर जोर धरू नयेत. मी ते वाक्य शेकडो वेळा उच्चारले आहे. त्या ‘इतर’मध्ये कोण कोण असते हे एकदाही विचारले नाही.

येत्या रविवारी हॉलमध्ये शोकसभा आहे. हेल्मी येणार आहे. मी तिच्यासमोर सगळे सांगणार आहे. याल्मारीला सांग, वर्ग मेला तरी चालेल.

आन्सेल्मी


कोस्किला
ता. ९ मार्च १९१४

सायमी,

मी सांगितले. फळी नेली, डबे नेले, दोरीने जुंपलेले दोन लाकडी घोडेही करून नेले. म्हणालो, गवत नेहमीइतकेच घाला असे मी लिहिले, माझ्या हाताने. याल्मारीने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा. माणूस मारला तो मी.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे उभे राहिले. टाळ्या, सायमी! पुढल्या रांगेतला एक म्हातारा डोळे पुसत म्हणत होता, असा वक्ता होणे नाही. एकाने ओरडून विचारले की ते पत्र कुठे आहे. मी म्हणालो, जाळले. त्यावर लोक कीव आल्यासारखे हसले.

हेल्मीने शेवटी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, बहिणीच्या नवऱ्याचे पाप कुणी इतक्या मोठ्या मनाने अंगावर घेत नाही, पण माझ्यासाठी खोटे बोलू नका, त्याने काय केले ते मला ठाऊक आहे. मी ओरडलो की हे खरे आहे. ती माझा हात थोपटत राहिली.

दहा वर्षे मी या लोकांना माझ्या आवाजावर टाळ्या वाजवायला शिकवले. आज त्यांना तेवढेच ऐकू आले. जे नाव मी धुवायला गेलो ते मी कायमचे काळे करून आलो.

काय करू ते तू सांग. मला सुचत नाही.

आन्सेल्मी


दोन नंबरचा लाकूडतळ
ता. १४ एप्रिल १९१४

ती. दादास,
सायमीचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मी याल्मारीला वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं, आणि वर्गाला या वेळी किती माणसं होती एवढंच विचारलं. मी म्हटलं, हॉल भरला होता. त्यावर त्यानं मान हलवली. त्याला बरं वाटलं असावं.

तळ उठला. माणसं गेली, घोडे गेले, मॅक्रे गेला. जाताना त्यानं तबेल्याची किल्ली माझ्या हातात दिली. रस्त्याचा बर्फ वितळलाय, चाकोरीतून पाणी वाहतंय, उतारावर नुसता चिखल आहे. आम्हीही केव्हाच निघायला हवं होतं. पण याल्मारी निघत नाही.

तू ये. भाषण आणू नकोस, फळी आणू नकोस, माफी तर मुळीच आणू नकोस. चिखलात चालतील असे बूट आण. एकट्यानं गवताचे भारे उचलून त्याची पाठ मोडली आहे, आणि मला त्याला आवरवत नाही.

तो रोज सकाळी कॉफी घेतो, टोपी घालतो आणि विचारतो की आज भार केवढा आहे. मी सांगते, आज भार नाही, याल्मारी, आता कुणीच येणार नाही. मग तो म्हणतो, तर मग नेहमीइतकंच पुरेल. कवळभर गवत घेऊन उताराकडे निघतो. थोडं जाऊन थांबतो, आणि परत येऊन आणखी एक कवळ उचलतो.

लोभाचं मागणं या खेपेला नाही. तू ये.

सायमी