होरिए-सानांची रोपं

निशी-कसाई, टोकियो, ४ सप्टेंबर २००७
शेजारच्या होरिए-सान उद्या हॉस्पिटलात जाणार. आठवड्याचंच काम, म्हणाल्या. या परक्या गावात माझं म्हणावं असं एवढंच माणूस! बिल्डिंगमागची त्यांची पट्टी आता मी बघायची. नदीकाठच्या जुन्या माळावरची रानझाडं त्यांनी तिथं जपलीत. कुझुच्या मुळांच्या पिठाची पेज सर्दीवर. फुजिबाकामाची पानं वाळवून कपड्यांत ठेवायची, आपल्या दवण्यासारखी. त्याची यंदाची रोपं शेवटच्या बियांची आहेत. "पाणी घाल, तण काढ," एवढंच सांगितलं.

७ सप्टेंबर
रात्रभर वादळ. पट्टीतल्या नावांच्या पाट्या उडाल्या.

१० सप्टेंबर
दिवसभर तण उपटलं. कंबर मोडली! पाट्या अंदाजानं परत खोचल्या. मध्येच आघाडा दिसला, खाली दूर्वा — टोकियोत! गणपती पाच दिवसांवर आलेत, मग पूजेच्या या पत्रीला कसा हात लावणार? उलट आळं करून पाणी घातलं. खूप दिवसांनी बरं वाटलं.

११ सप्टेंबर
सकाळी कचऱ्याची पिशवी खाली न्यायला उचलली, तर वास आला. गोडसर. होरिए-सानांच्या कपाटाचा वास.
पिशवी उपडी केली. सुकलेली फुजिबाकामाची रोपं. सगळी मीच उपटलेली. तण ठेवलं, रोपं काढली!
परत लावली. संध्याकाळपर्यंत एकही उभं नाही. सत्यजित म्हणतो, झाडंच ना, नवी आणू. हा माझा नवरा.

१३ सप्टेंबर
सगळी मेली.

१४ सप्टेंबर
हरितालिका. पूजा मांडलीच नाही. त्या आघाड्याकडे बघवत नाही.
दुपारी हॉस्पिटलात गेले. होरिए-सान केवढ्याशा झाल्यात. आधी रोपांचंच विचारलं. म्हटलं, छान आहेत, वीतभर झालीत. त्या डोळे मिटून हसल्या. उपास धरून खोटं बोलले. ट्रेनमध्ये रडू आवरेना.

१८ सप्टेंबर
त्या अजून आल्या नाहीत. आल्या नाहीत तर बरं, असं मनात आलं. काय बाई झालेय मी!

२१ सप्टेंबर
होरिए-सान पहाटे गेल्या. त्यांची मुलगी सांगायला आली होती. डॉक्टरांनी जुलैतच सांगितलं होतं, घरी येणं नाही. "आईनं आठवड्याचं म्हटलं नसतं, तर तुम्ही पट्टी घेतली नसती," ती म्हणाली. "ती आईनं तुम्हालाच दिलीय."