मागून येणारं हसू

३ फेब्रुवारी, सोमवार
ह्यांचं काहीतरी बिनसलंय. संध्याकाळी ती जुनी विनोदी मालिका लागली होती. शिडीवरून उतरताना रंगाऱ्याचा पाय डब्यात जातो, तो भाग. शंभरदा पाहिलाय आम्ही. दरवेळी पाय डब्यात जायच्या आधीच हे हसतात. आज मागून हसले – टीव्हीतल्या त्या न दिसणाऱ्या माणसांचं हसून झाल्यावर! दिवसभर शाळेची बस हाकून दमले असतील म्हणा.

५ फेब्रुवारी, बुधवार
मालिकेत मागून हसण्याचा आवाज घालतात ना, त्याची मला चीड आहे. पडणं हे कसब असतं. आधी पाठ टेकली पाहिजे, टोपी सगळ्यात शेवटी. ते बघायचं, आपलं आपण हसायचं. कुणी हसून दाखवायला कशाला हवं? ह्यांचंही कायम हेच मत. आज म्हणतात, असू दे गं, तेवढीच सोबत. सोबत? मग शेजारी मी काय उशी म्हणून बसते?

८ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी तीन तास गायब. मित्राकडे गेलो होतो म्हणाले. तो मित्र तर महिनाभर लेकीकडे राहायला गेलाय! बहिणीला फोन केला, तर म्हणे, ह्या वयात बाईबिई नसेल गं, बहुतेक. बहुतेक! हिच्या जिभेला हाड नाही. बसले डोक्यात घेऊन.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आज मुद्दाम आवाज बंद केला. रिमोट बिघडलाय म्हणून ठोकून दिलं. हॉटेलातला वेटर सहा बशा घेऊन घसरतो, तो भाग होता. हे हसले, अगदी वेळेवर! जीव भांड्यात पडला. मीच मेली संशयी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
भांडी घासताना लक्षात आलं. काल आधी मी हसले होते. मग हे.
संध्याकाळी पुन्हा आवाज बंद. ओठ घट्ट मिटून बसले. स्वयंपाकी पिठाच्या पिंपात डोक्यावर पडला. हे गप्प. तोंड मात्र टीव्हीकडेच. मग पडद्यावर कुणी नुसतंच दारात उभं असताना मी उगीच हसले. तर हे खो खो हसत म्हणाले, "कसला आपटला!"
कुणीही आपटलं नव्हतं.
टीव्ही बंद केला आणि सरळ विचारलं. तेव्हा ह्यांनी सांगितलं, कडेचं दिसतं, समोर मधोमध डाग आलाय. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. गाडी चालवायची नाही म्हणालाय तो. आणि सोमवारपासून तीन दिवस हे बस चालवताहेत! चाळीस पोरं असतात मागे.
"रस्ता पाठ आहे मला," म्हणाले. "पोरांची परीक्षा होईपर्यंत कुणाला बोलू नकोस."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खूप रडू आलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी सव्वासहाला शाळेत फोन करून सगळं सांगितलं. बाहेर आले तर हे गणवेश घालून तयार, टेबल चाचपत बसच्या किल्ल्या शोधताहेत. मी त्यांच्या अगदी समोर उभी राहिले. किल्ल्या माझ्या हातात होत्या, वर धरलेल्या.
"तू पाहिल्यास का गं?" त्यांनी विचारलं.