हात पुढे केला

६ जानेवारी
दगड हातातून सुटून बर्फावर घसरत गेला, मी मात्र गुडघ्यावरच राहिलो. पुतणी इश्बेल आमच्याच संघात, तिनं विचारलं, काका, उठवू का? म्हटलं, दगडाची दिशा बघतोय. दगड थांबला तरी बघत होतो. शेवटी दोघांनी उचललं.
संकल्प: व्हिस्की बंद. अख्ख्या स्कॉटलंडचा माजी कर्लिंग विजेता आहे, शरीर तसं दिसायला हवं.

७ जानेवारी
एफीनं पुन्हा काढलं की आम्ही जिंकलो त्या वर्षी मी राखीव होतो, एकही दगड टाकला नाही. बायकोला खेळ कळत नाही. राखीव खेळाडूलाही पदक तेच. शिवाय त्या स्पर्धेत माझा एकही दगड चुकला नाही.

१३ जानेवारी
हरलो. बर्फ ओला होता. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पाजायची, ही आमची रीत. नको म्हणणं असभ्य. व्हिस्की दोन.

२० जानेवारी
हरलो. बर्फ कोरडा होता. व्हिस्की तीन.

२१ जानेवारी
क्लबाची बैठक. शनिवारी जिंकलो तर कप्तान मीच राहणार. हरलो तर इश्बेल, आणि मी तिच्या दगडापुढे झाडू मारायचा. हसू आलं. कप्तान उभा राहून ओरडतो, दगड लांब जावा म्हणून त्याच्यापुढचा बर्फ इतर झाडतात. मी घरातसुद्धा कधी झाडू धरलेला नाही. एफीला विचारलं, खरं ना? ती लगेच हो म्हणाली.
विजयाचं भाषण लिहून काढलं.

२७ जानेवारी, संध्याकाळ
जिंकलो होतो. हे आधी नोंदवतो. शेवटचा डाव, आम्ही पुढे. समोरचा कप्तान ड्यूगल दूधवाला, त्याचा एकच दगड उरलेला, त्यानं काही होणार नव्हतं. मोठ्या मनानं हातमोजा काढला आणि हात पुढे केला.
ड्यूगलनं हाताकडे बघितलं, मग गुणफलकाकडे, मग हात घट्ट धरला.
जो आधी हात पुढे करतो त्यानं हार मानली, असं आमच्यात धरतात. मला माहीत आहे. जिंकणाऱ्यालाही ते लागू असेल असं वाटलं नव्हतं.
इश्बेल म्हणाली, "काका, तो हात तरी राखीव ठेवायचा होता."
ड्यूगलनं पाजली. भाषण वाचलं. 'विजय' आला तिथे खोकलो.

२८ जानेवारी, सकाळ
नऊला सराव. इश्बेल उभी राहून ओरडली. मी झाडू मारला.