शेडचं अर्थिंग

वारजे, ३ सप्टेंबर २०२४

चि. धम्मदीप यास,
अ. आ. व जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे कट करता येत नाही. काल मागच्या शेडमध्ये माझ्या शिलाई मशीनला हात लावताच तुझी भाची पूर्वा फेकली गेली. तिचा उजवा हात भाजलाय.

दशरथ वायरमनने शेडमधला जुना बोर्ड उघडला. उन्हाळ्यात तूच म्हणाला होतास ना, की अर्थिंग केलंय, ताई, आता निर्धास्त शिव? जमिनीत ना खड्डा, ना पुरलेली प्लेट! अर्थिंगची हिरवी वायर आतल्या आत न्यूट्रलला पिळून ठेवलेली. न्यूट्रल तुटली आणि करंट थेट मशीनच्या अंगात. अरे, सख्ख्या बहिणीकडे असलं काम? लोकांकडे काय दिवे लावत असशील! खरं काय ते कळव.

माझी माया आहे तशीच आहे. तिला जागून उत्तर लिही.

तुझी,
शर्मिलाताई

चाकण, ९ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम.

पत्र पोचलं. तू उगाच आकांडतांडव करतेस. खड्डा मी खणणारच होतो. दाजीच म्हणाले, दिवाळीनंतर घर, शेड सगळं बिल्डरच्या ताब्यात जायचंय, कशाला मीठ-कोळसा पुरत बसतोस? मलाही पटलं. नव्या इमारतीच्या वायरिंगचं काम ते मलाच मिळवून देतायत. तुझ्या फ्लॅटचं अर्थिंग सगळ्यात आधी करीन. दाजींनी तुला सांगितलं असेलच.

राग सोड, धाकट्यावर कृपा राहू दे.

तुझा,
धम्मदीप

वारजे, १४ सप्टेंबर २०२४

धम्मदीप,
जयभीम.

नव्हतं सांगितलं. राहतं घर बिल्डरला दिल्याचं मला तुझ्या पत्रातून कळलं. ते पत्र मी ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. वाचून एवढंच म्हणाले, की धम्मदीपला तोंड बंद ठेवता येत नाही.

आम्ही मायलेकी रोज त्या शेडमध्ये बसतो, हे तुम्हा दोघांना ठाऊक होतं. तरी दिवाळीपर्यंत आमचं काय व्हायचं ते होवो! केसाने गळा कापलास रे. परक्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

दशरथने काल खड्डा खणून प्लेट पुरली. शेड उभी आहे तोवर मी तिथेच शिवणार.

पूर्वाची बोटं आता थोडी वळतात. मामाने माझं विचारलं का, म्हणून पोरगी विचारत होती. विचारलंय, म्हणून सांगितलं. तुझ्यासाठी बोललेलं हे शेवटचं खोटं.

शर्मिला