कुणीच आपल्या जागी नाही

प्रिय धैर्या,

इकडचं सगळं सांगते, मग कामाचं लिहिते. राजारामपुरीतला माझा गणिताचा क्लास जोरात चाललाय. अमरदादाचं पोट सुटलंय, आणि तुझं नाव निघालं की अजूनही उठून गॅलरीत जातो. भांडण तुम्हा भावाभावांचं, आणि फुगलेली तोंडं बघायची आम्ही.

आईचं तुला फोनवर पुरतं कळलं नसेल. उन्हाळ्यापासून ती नावं चुकते. मला अनुजा म्हणते आणि अनुजावहिनीला वर्षा. दादा समोर आला की डोक्यावर पदर घेऊन त्याला ‘अहो’ म्हणते. तो बिचारा ताटात मान घालून जेवतो. तुला अमर म्हणाली, तेव्हा तू चिडून फोन ठेवलास. आणि भिंतीवरच्या आण्णांच्या फोटोला ती धैर्या म्हणते. डॉक्टरांनी डोकं भरकटल्याला इंग्रजी शब्द वापरला, डिरेंजमेंट. मला हसू आलं, कारण तोच शब्द मी पोरांना शिकवते: सगळ्यांच्या जागा अशा बदलायच्या की एकही जण स्वतःच्या जागी उरता कामा नये. पण भरकटलेल्या माणसाचं कधीतरी चुकून बरोबर येतं. आईचं एकदाही आलं नाही. हे लक्षात आल्यापासून मला तिची भीती वाटते. आपल्याच आईची.

परवा पितृपक्षातला आण्णांचा म्हाळ होता. गच्चीवर पान ठेवलं. आण्णांना हाका मारून दादाचा घसा बसला, पण कावळा शिवेना. समोरच्या टाकीवर ओळीने बसून सगळे कावळे नुसते बघत होते. मग आई जिना चढून आली, पानाजवळ बसली आणि म्हणाली, “धैर्या, किती वाट बघायला लावतोस रं? ये की, जेवून जा.” सगळे कावळे एकदम पानावर उतरले. वहिनीने माझा हात घट्ट धरला. आई मात्र पोराला भरवताना हसावं तशी हसत होती.

आम्ही लगेच तुला फोन लावला. बंद. काल बंद, आजही बंद. सुरतेला तुझ्या कारखान्यात विचारलं, तर म्हणे सुट्टी टाकून गेलाय, कुठे ते ठाऊक नाही. दादा आज तुला शोधायला निघालाय आणि हे पत्र त्याच्याच खिशात आहे. तो दारात दिसला तर भांडू नकोस. आधी आईला फोन लाव. ती अमर म्हणेल. त्या नावाला ओ दे.

तुझीच,
वर्षाताई