दादा, तू सातवाच आलास

प्रिय दादा,

येत्या रविवारी आपल्या गल्लीच्या तोंडाशी कमान उभी राहतेय, तुझ्या नावाची. अख्ख्या जरीपटका वस्तीला दिसेल एवढी मोठी. नावाखाली काय लिहिणार आहेत, माहीत आहे? ‘सुवर्णपदक विजेता’! म्हणून लिहायला बसलो. नाहीतर मी आणि पत्र? तेही मेलेल्या माणसाला?

तुला सोनं कधी मिळालं रे? पितळसुद्धा नाही मिळालं!

फौजेत जाऊन तू होडी शिकलास आणि तिकडे परदेशात, सगळ्या खेळांच्या त्या मोठ्या स्पर्धेत उतरलास. मी तेव्हा रायपूरकडे मेळ्यात आकाशपाळणा फिरवत होतो. पाळण्याचा मालक भारी माणूस, स्वतः बसला की वर जाताना डोळे गच्च मिटायचा... जाऊ दे. तुझ्या रेससाठी मिळेल ती गाडी धरून घरी आलो. सगळी गल्ली आपल्या टीव्हीपुढे. एकट्याची होडी, दोन हातांत दोन वल्ही, आणि तू सगळ्यांच्या पुढे. पहिला! आई रडली. बाबांनी घरोघरी संत्रा बर्फी वाटली. स्क्रीनवर ‘फायनल बी’ लिहिलं होतं. त्या ‘बी’कडे कोण बघतं? आपल्याकडे फायनल म्हणजे फायनल!

तूही फोनवर “पहिला आलो” एवढंच म्हणालास. पुढचं काहून नाही सांगितलंस?

मग स्टेशनबाहेर डीजे, हार, गुलाल. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, “मेडल काढ ना गा. गळ्यात घाल.”

“मेडल नाही बाबा. सातवा आलो.”

“टीव्हीवर त पहिला होता!”

“वरच्या सहा जणांची फायनल वेगळी असते. ही त्यांच्या खालच्या सहांची. हिच्यात पहिला म्हणजे सातवा.”

डीजे वाजतच होता. शेजारचे वासुकाका हार धरून उभे. म्हणाले, “म्हणजे नापास पोट्ट्यायमंदी पहिला आला म्हना ना!” लोक काय हसले, दादा! आणि काकांनी हार परत पिशवीत घातला.

त्यानंतर तू सुट्टीवर आलास की बारकी पोट्टीही ओरडायची, “नापास आला, नापास आला!” तू जेवायला बसलास की बाबा उठून जायचे. तू एका शब्दानं उलटून बोलला नाहीस. त्याचा मला अजून राग आहे. एकाचं तरी डोकं फोडायचं होतंस वल्ह्यानं!

गच्चीवर एकदाच मला म्हणालास, “बंट्या, होडीत आपली पाठ पुढं असते. पुढचा दिसतच नाही, मागचे तेवढे दिसते. त्या दिवशी पाचही जण माह्या नजरेसमोर होते गा. एवढी चांगली होडी मी जिंदगीत कधी चालवली नाही.”

पुढं कामठी रोडवर ट्रकनं तुला उडवलं, आणि महिनाभरात तू सगळ्यांचा लाडका झालास! कमानीची टूम वासुकाकांचीच. मी म्हटलं, “काका, दादा सातवा होता.” तर म्हणतात कसे, “मेलेल्या मानसाले नंबर कोन विचारते गा? सोनं लिहून टाकू. त्याचं काय जाते!”

बाबा बाजूलाच होते. म्हणाले, “तिथं सातवा लिहिलं त घरात पाय ठेवू नको.” मी घरी असतो कधी, की धमकी देतात!

त्यांना तुझी लाज अजून वाटते, दादा. मेलास तरी वाटते.

तर ऐक. कमान रंगवणारा पेंटर गांधीबागेतला, माझ्या ओळखीचा. त्याच्याशी बोलून झालंय. रविवारी पडदा सरकेल तेव्हा ‘एकेरी नौकानयन, सातवा क्रमांक’ हेच दिसेल. वचन! लोक पुन्हा हसतील, बाबा शिव्या देतील. तुला ऐकावं लागणार नाही, बरंच झालं. मी या वेळी मेळ्याबिळ्यात कुठंही पळून जाणार नाही. शेवटचा माणूस हसून घरी जाईपर्यंत त्या कमानीखाली उभा राहीन.

तुझा धाकटा,
बंट्या