निळा पट्टा, लाल पट्टा

२४ सप्टेंबर
कासूच्या गुरांना टोचून झालं एकदाचं! गोचिडातून जिवाणू रक्तात शिरतो, गाय पिवळी पडते, मरते — त्यावरची माझी लस. सात वर्षांचं काम, आणि परीक्षा कुणाच्या हातात? तर बिल्ल्यासाठी गाईच्या कानाला भोक पाडू न देणाऱ्यांच्या! "नाय मॅडम, लक्ष्मी हाय ती." शेवटी गळ्यात पट्टे घातले. निळा म्हणजे लस, लाल म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. गावात कुणाला सांगितलेलं नाही. सांगून कळणार काय, कप्पाळ!

गिरजाबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिच्या गाईचं नाव तांबू. नावं कसली ठेवतात! मला सगळ्या सारख्याच दिसतात. निळ्या आणि लाल, बस्स. त्या गाईपुढे उभं राहून सेल्फी काढला, आईला पाठवायला.

२२ ऑक्टोबर
दुसरा डोस. शेण, माश्या, आणि रामवाडीच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर पाणी नाही. सगळ्यांना बजावलं — पट्ट्यावर कंपनीचं नाव आहे, भिजवून खराब करू नका. नंदीबैलांसारख्या माना हलवल्या.

२९ ऑक्टोबर
चालले पुण्याला. दिवाळी तरी माणसांत!

५ डिसेंबर
निळ्या पट्ट्याच्या तीन गाई पिवळ्या. लाल ठणठणीत! काहीतरी झाडपाला पाजला असणार ह्यांनी. विचारलं तर "नाय ओ." खोटारडे मेले.

११ डिसेंबर
गिरजाबाईची गाय मेली. निळीच. म्हातारी पोटची पोर गेल्यासारखी रडत होती. मलाही रडू आलं — गाईसाठी नाही, लसीसाठी.

१६ डिसेंबर, सोमवार
रोह्याला मीटिंग. आमच्या कंपनीचे हितेश सर म्हणजे गोचीडच — सात वर्षं माझ्या कामावर फुगले, आज गळून पडले. "लस फसली. विषय संपला." उरलेल्या सगळ्या बाटल्या भट्टीत. जिवाणूच्या ज्या वाणापासून लस केली, तोसुद्धा.

१९ डिसेंबर
पट्टे गोळा करायला कासूला. गिरजाबाईने तिच्या गाईचा निळा पट्टा कागदात गुंडाळून ठेवलेला. कोरा करकरीत! इतका नवा कसा म्हटलं.

"तुमीच बोललात ना, भिजवायचा नाय. दिवालीच्या पाडव्याला गुरं तलावावर धुवायला नेली, तवा सगल्यांनी पट्टे काढून पारावर ठेवले. मंग ज्याला जो गावला तो घातला. रंगाचं काय गो बाय, गाय तर आपलीच!"

२० डिसेंबर
पहिल्या डोसच्या दिवशीचा तो सेल्फी उघडला. माझ्या खांद्यामागे तांबू. गळ्यात लाल पट्टा.